शीत, शयनासन आणि आगंतुक : अजिंठ्याच्या अभ्यागत केंद्राची एक समीक्षा

लेणी पाहावयास येणाऱ्यांसाठी लेण्यांच्या परिसरात एखादी इमारत उभारावयाची झाल्यास ती कशी असावी, हा प्रश्न वरकरणी स्थापत्यविशारदांचा वाटतो. पाली वाङ्मयाच्या अभ्यासकांनी त्यात पडावे काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. परंतु विनयपिटकातील चुल्लवग्गाचा एक संपूर्ण खंधक निवाऱ्याला वाहिलेला आहे. दुसऱ्या एका खंधकात परगावाहून आलेल्याचे स्वागत कसे करावे याचे नियम आहेत. महावग्गात थंडीचा विचार करून वस्त्रांची मर्यादा ठरविल्याचा प्रसंग आहे. ज्या परंपरेने अजिंठा कोरला, तिने ऋतू, निवारा आणि पाहुणा या तिहींचा विचार असा करून ठेवला आहे. त्याच वारशाच्या नावाने आज ज्या इमारती उभ्या राहतात त्या या विचाराच्या कसोटीस उतरतात की नाही, हे पाहणे आम्ही आमच्या अभ्यासाचाच भाग मानतो. प्रस्तुत लेखात अजिंठ्याच्या पायथ्याशी फर्दापूरजवळ उभारलेल्या अभ्यागत केंद्राचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न केवळ ग्रंथातला नाही. जळकोट, उदगीर, अहमदपूर, मुखेड, कंधार हा बालाघाटाच्या रांगांवरचा डोंगराळ मुलूख. येथील वस्त्यांतून आमची माणसे प्रवासाला बाहेर पडतात ती बहुधा हिवाळ्यात. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, आणि सवड व पैसा जुळून आला तर वेरूळ-अजिंठा. जळकोटाहून अजिंठा रात्रभराच्या प्रवासावर आहे. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या स्त्रिया, सहलीची शाळकरी मुले अशी मंडळी पहाटे फर्दापूरच्या फाट्यावर उतरतात, तेव्हा त्यांची पहिली गाठ पडते ती थंडीशी. चित्रे त्यानंतर. अजिंठ्याच्या डोंगरातील ही थंडी हिमप्रदेशातील नव्हे, हे खरे. पण अंगावर एक चादर असलेल्या माणसाला ती पुरेशी बोचते. म्हणून थंड निसर्गाच्या सान्निध्यात पाहुण्यासाठी घर कसे बांधावे, हा दूरदेशीचा वाटणारा प्रश्न आमच्याही दारात उभा आहे.

शीताची परीक्षा

चीवरांची संख्या कशी ठरली याची हकीकत महावग्गाच्या चीवरक्खंधकात आली आहे. राजगृहाहून वैशालीकडे जाताना भिक्खू वस्त्रांची गाठोडी डोक्यावर, खांद्यावर आणि कमरेवर घेऊन चाललेले तथागतांनी पाहिले. ही मर्यादा घालावयास हवी, असा विचार त्यांच्या मनात आला. परंतु मर्यादा किती असावी, हे त्यांनी नुसत्या विचाराने ठरविले नाही. माघाचे शेवटचे चार आणि फाल्गुनाचे पहिले चार अशा आठ दिवसांना पाली ग्रंथ अंतरट्ठक म्हणतात. तो हिमपाताचा काळ. त्या दिवसांतील एका रात्री ते वैशालीच्या गोतमक चैत्यापाशी उघड्यावर बसले. अंगावर एकच वस्त्र होते. पहिला प्रहर सरता सरता थंडी जाणवली, तेव्हा दुसरे घेतले. मधल्या प्रहराच्या अखेरीस तिसरे घेतले. उजाडण्याच्या सुमारास चौथे घ्यावे लागले. या अनुभवावरून त्यांनी तीन चीवरांची अनुज्ञा दिली : दुहेरी संघाटी, एकेरी उत्तरासंग आणि एकेरी अंतरवासक. वाचकांनी येथे हिशेब करून पाहावा. दुहेरीचे दोन आणि एकेरीचे दोन मिळून थर चारच होतात. रात्रीच्या अनुभवाने जो आकडा दिला, तोच नियमात उतरला आहे.

या प्रसंगातील आणखी एक बारकावा आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. तथागतांनी मर्यादा ठरविताना स्वतःची सहनशक्ती प्रमाण मानली नाही. संघात जे थंडीला भिणारे, थंडी न सोसणारे कुलपुत्र आहेत, त्यांचे तेवढ्यात भागेल काय, हा विचार त्यांनी केला. स्वतःविषयी त्यांचे माप वेगळे होते. अंगुत्तरनिकायात हत्थक आळवकाची भेट आली आहे. आळवीजवळ शिसवीच्या वनात, गुरांच्या वाटेवर, पानांच्या अंथरुणावर तथागत बसलेले आहेत. हत्थक विचारतो, झोप सुखाची झाली काय? हिवाळ्याची रात्र, गुरांच्या खुरांनी टणक झालेली जमीन, पानांचे पातळ अंथरूण, झाडांवर विरळ पाने आणि वाहणारा गार वारा हे सारे तो बोलून दाखवितो. झोप सुखाची झाली, असे उत्तर त्याला मिळते. पुढे तथागत त्यालाच विचारतात की आतून-बाहेरून लिंपलेल्या, वारा न शिरणाऱ्या, दारे-खिडक्या बंद केलेल्या कूटागारात मऊ गाद्यांवर निजलेला गृहपती जर राग, द्वेष, मोह यांनी पोळत असेल, तर त्याला सुखाची झोप लागेल काय?

या दोन प्रसंगांचा एकत्रित अर्थ असा निघतो. वारा न शिरणारी भिंत माणसाला शांती देऊ शकत नाही, हे खरे. तथापि पाहुण्याने म्हणून थंडीत कुडकुडावे, असे त्यावरून ठरत नाही. स्वतः पानांवर निजणाऱ्या शास्त्यानेच इतरांसाठी तीन चीवरे, अग्निशाळा आणि उष्णस्नानाचे जंताघर यांना अनुज्ञा दिली. जंताघर लहान असल्यास चूल एका बाजूस असावी, मोठे असल्यास मध्यभागी असावी, धूर बाहेर जाण्यास नळी असावी, इतक्या तपशिलात विनय शिरतो. साधेपणाच्या नावाखाली गैरसोय लादणे धम्माला धरून नाही, आणि सोयीच्या नावाखाली डौल मिरविणेही नाही.

निवाऱ्याचे दोन हेतू

चुल्लवग्गाच्या सेनासनक्खंधकात पाच प्रकारच्या निवाऱ्यांना अनुज्ञा आहे : विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय आणि गुहा. राजगृहाच्या श्रेष्ठीने एका दिवसात साठ विहार बांधविले, तेव्हा त्या दानाचे अनुमोदन करताना विहाराचे उपयोग सांगितले गेले. त्या यादीत पहिला क्रमांक शीतनिवारणाचा आहे. उष्णता, श्वापदे, सरपटणारे प्राणी, डास, पाऊस ही मागाहून येतात. भिक्खूने शयनासन वापरताना जे चिंतन करावयाचे, त्यातही आरंभ थंडीपासूनच आहे. त्या चिंतनाचा शेवट दोन शब्दांवर होतो. एक उतुपरिस्सय, म्हणजे ऋतूचा उपद्रव, त्याचे निवारण. दुसरा पटिसल्लान, म्हणजे एकांतात मन स्थिर होणे. निवाऱ्याचे हेतू एवढेच. शरीराला ऋतूपासून जपावे आणि मनाला शांत होण्यास वाव द्यावा. दात्याचे वैभव दाखविणे हा हेतू यात कोठेही नाही.

अजिंठ्याची लेणी या दोन्ही हेतूंना उतरतात. वाघोरा नदीच्या नालाकृती वळणावरील उभ्या कड्यात ती कोरली आहेत. बसाल्टचा तो अवाढव्य खडक हळूहळू तापतो आणि हळूहळू निवतो. म्हणून वैशाखात आत गारवा असतो आणि पौषात बाहेरच्यापेक्षा ऊब असते. दरीच्या वळणामुळे काही लेण्यांना सकाळचे, काहींना दुपारनंतरचे ऊन मिळते. एकोणिसाव्या लेण्याचा रोख हिवाळी अयनाच्या सूर्योदयाकडे आणि सव्विसाव्याचा उन्हाळी अयनाच्या सूर्योदयाकडे आहे, असे वॉल्टर स्पिंक यांनी दाखविले आहे. वाकाटक नृपती हरिषेणाचा सचिव वराहदेव याच्या सोळाव्या लेण्यातील शिलालेखाचे वाचन महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी केले. त्या लेखात खिडक्या, दारे, चित्रवीथी, पायऱ्या, पाण्याचा साठा यांचे वर्णन आहे, आणि हे निवासस्थान सर्व ऋतूंत सुखावह असल्याचेही सांगितले आहे. दात्याने स्वतःच्या दानाची थोरवी सांगताना ऋतूचा उल्लेख करावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. लेण्याचे मोठेपण काय, हे पाचव्या शतकातील त्या सचिवाला ठाऊक होते.

आगंतुकवत्त

निवाऱ्याप्रमाणे पाहुण्याचाही विचार विनयाने केला आहे. चुल्लवग्गाच्या वत्तक्खंधकात आगंतुकाची आणि आवासिकाची कर्तव्ये सांगितली आहेत. आगंतुक म्हणजे बाहेरून आलेला. आजच्या सरकारी भाषेतील ‘अभ्यागत’ तो हाच. त्याने आरामात शिरण्यापूर्वी पादत्राणे काढून झटकावीत, छत्री मिटावी, डोके उघडे करावे, घाई न करता प्रवेश करावा. पिण्याचे पाणी कोणते, पाय धुण्याचे कोणते, शौचकूप कोठे, भिक्षेला कोणत्या वाटेने जावे, आत येण्याजाण्याच्या वेळा कोणत्या, हे त्याने विचारून घ्यावे. आवासिकाने ज्येष्ठ आगंतुकासाठी आसन मांडावे, पाय धुण्यास पाणी व पाट ठेवावा, सामोरे जाऊन पात्रचीवर हाती घ्यावे, पिण्याच्या पाण्याचे विचारावे आणि त्याने विचारलेले सर्व सांगावे.

या यादीकडे अभ्यागत केंद्राचा आराखडा म्हणून पाहिल्यास तिच्यात क्रम दिसतो. प्रथम शरीराची गरज : आसन, पाणी, शौचाची सोय. नंतर माहिती. नंतर त्या स्थळाची शिस्त. आणि हे झाल्यावर आवासिक बाजूला होतो, आगंतुक आपल्या मार्गाने जातो. स्वागत हे स्थळाची जागा घेत नाही. कोणत्याही अभ्यागत केंद्राची समीक्षा करताना आम्ही तीन प्रश्न विचारू इच्छितो. त्याने तेथील ऋतू अंगाने जाणला आहे काय? त्याने पाहुण्याच्या शरीराची गरज प्रथम भागविली आहे काय? आणि शेवटी ते पाहुण्याला मूळ स्थळापाशी पोहोचवते, की स्वतःपाशीच अडवून ठेवते?

हिमप्रदेशातील दोन इमारती

तुलनेसाठी दोन परदेशी इमारती घेऊ. त्या अतिशीत प्रदेशातील असल्याने आपला प्रश्न तेथे अधिक ठळक होऊन दिसतो.

पहिली नॉर्वेमधील. दोव्रे पर्वतप्रदेशात ह्यर्किन येथे रानटी रेनडिअर पाहण्यास येणाऱ्यांसाठी २०११ साली एक लहानसा मंडप उभारला गेला. स्नोहेता या वास्तुसंस्थेने त्याची रचना केली. क्षेत्रफळ सुमारे ९० चौरस मीटर, म्हणजे आपल्याकडील गावच्या विहाराएवढेच. बाहेरून लोखंडी चौकट, एका अंगास पर्वताकडे तोंड केलेली पूर्ण काचेची भिंत, आणि आत वाऱ्यापाण्याने झिजलेल्या खडकाप्रमाणे वळणे घेतलेली पाइन लाकडाची बैठक. ते लाकूड संगणकाच्या साहाय्याने कोरले गेले, पण जहाजे बांधणाऱ्या कारागिरांनी ते जुळविले. आत एक शेकोटी आहे. वाहनतळापासून मंडपापर्यंत सुमारे दीड किलोमीटर चालत जावे लागते. तेथे पोहोचल्यावर करावयाचे एवढेच : बसावे, शेकावे आणि समोर पाहावे. आमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे या मंडपात होकारार्थी मिळतात.

दुसरी ग्रीनलंडमधील. उत्तरध्रुववृत्ताच्या सुमारे २५० किलोमीटर उत्तरेस इलुलिस्सात येथे एक हिमखाडी आहे. २००४ साली तिला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. तिच्या काठी डेन्मार्कच्या वास्तुविशारद दोर्ते मान्द्रुप यांनी रचलेले केंद्र २०२१ साली खुले झाले. इमारतीचा आकार पीळ दिलेल्या धनुष्यासारखा आहे. बर्फ साचू नये आणि वारा अडू नये, यासाठी तो पीळ आहे. इमारत जमिनीपासून किंचित उचललेली असल्याने बर्फ वितळून वाहणारे पाणी तिच्या खालून जाऊ शकते. छपरावरून चालता येते. माणूस छतावर चढतो, पलीकडे हिमखाडी पाहतो आणि उतरून त्याच वाटेने पुढे जातो. आत माहितीचे दालन आहे, परंतु इमारतीचे छप्पर हीच वाट असल्याने ती पाहुण्याला अडवीत नाही.

या दोन्ही देशांची संपत्ती आपल्याकडे नाही, हा आक्षेप कोणी घेईल. तो आम्हांस मान्य आहे. पोलाद, काच आणि संगणक यांचे अनुकरण करा, असे आम्ही म्हणत नाही. अनुकरणीय आहे ती पद्धत. दोन्ही ठिकाणी आधी वारा, बर्फ आणि पाणी कोणत्या मार्गाने येतात हे पाहिले गेले, आणि मग इमारतीला आकार मिळाला. गोतमक चैत्यापाशी जे घडले ते याहून फार वेगळे नाही.

फर्दापूरचे केंद्र

आता मूळ विषयाकडे वळू. अजिंठा-वेरूळ परिसराच्या विकासासाठी जपानच्या कर्जसाहाय्याने १९९० च्या दशकापासून दोन टप्प्यांत प्रकल्प राबविला गेला. त्याअन्वये अजिंठा लेण्यांपासून सुमारे चार किलोमीटरवर, फर्दापूरच्या फाट्याजवळ, अभ्यागत केंद्र बांधण्यात आले. ते २०१३ साली खुले झाले. त्यात लेणी क्रमांक १, २, १६ व १७ यांच्या प्रतिकृती आहेत. माहितीची दालने, सभागृह, उपाहारगृह इत्यादी सोयी योजलेल्या होत्या.

न्यायबुद्धीने पाहता या योजनेमागील दोन विचार योग्य होते, हे आधी नमूद केले पाहिजे. खाजगी वाहने फाट्यावरच थांबवून पुढे बसने नेण्याच्या व्यवस्थेमुळे दरीतील धूर व गोंगाट कमी झाला. शिवाय लेण्यांच्या निकट बांधकाम करता येत नाही, हेही ध्यानात घ्यावे. पुरातत्त्वविषयक कायद्याच्या २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्थळापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये निर्बंध आहेत. म्हणून केंद्र दूर आहे, हा त्याचा दोष म्हणता येणार नाही. दुसरा विचार चित्रांच्या रक्षणाचा. माणसांचा श्वास, दमटपणा आणि उजेड यांनी भित्तिचित्रांची हानी होते. गर्दी विभागली जावी, ही इच्छा रास्तच होती.

परंतु तिसऱ्या प्रश्नापाशी ही योजना अडखळते. प्रतिकृती कोठे असावी, याचा पुरेसा विचार झाला, असे आम्हांस वाटत नाही. फ्रान्समधील लास्को गुहेचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. तेथील आदिम चित्रे खराब होऊ लागल्याने ती गुहा १९६३ साली सर्वसामान्यांसाठी बंद करण्यात आली, आणि १९८३ साली जवळच तिची प्रतिकृती खुली झाली. तेथे मूळ गुहा बंद आहे, म्हणून जवळची प्रतिकृती हाच एक मार्ग उरतो. अजिंठा बंद नाही. जो माणूस शेकडो कोस चालून फाट्यावर येऊन ठेपला आहे, त्याला चार किलोमीटरवर मूळ लेणे असताना प्रतिकृती कशासाठी दाखवावयाची? तो तिकडेच जाणार, आणि ते योग्यच आहे. म्हणजे गर्दी तेवढीच राहिली, आणि एक मोठी इमारत मात्र वाढली.

यावर एक सबळ उत्तर आहे, ते टाळून चालणार नाही. वृद्ध आणि अपंग व्यक्तींना लेण्यांचा चढ झेपत नाही. डोलीचे भाडे प्रत्येकाला परवडत नाही. अशांना प्रतिकृती हाच आधार. हे आम्ही पूर्णतः मान्य करतो. तेवढ्यासाठी प्रतिकृतींचा एक भाग फर्दापूरला अवश्य असावा. पण मग सारी रचना त्यांच्या सोयीची हवी. इमारतीचा मुख्य हेतू तोच आहे, असे तिच्या आराखड्यावरून आणि व्यवस्थेवरून दिसले पाहिजे.

अधिक गंभीर गोष्ट यापुढे घडली. पाण्याची व विजेची देयके थकल्यामुळे २०१८ च्या सुमारास हे केंद्र बंद पडले आणि पुढे काही वर्षे बंदच राहिले. वृत्तपत्रांतून ही बातमी वारंवार येऊन गेली. सामान्यतः याकडे प्रशासकीय हेळसांड म्हणून पाहिले जाते. आम्हांस त्यात रचनेचाही दोष दिसतो. बंदिस्त दालने, कृत्रिम प्रकाश आणि नळाने येणारे पाणी यांवर जी इमारत सर्वस्वी अवलंबून असते, ती देयक थकले की एका दिवसात निरुपयोगी होते. तिच्यात ओसरी म्हणून, सावली म्हणून, उन्हाची जागा म्हणून काहीच शिल्लक उरत नाही. इकडे दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचे लेणे कोणतेही देयक न भरता उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार राहते. ज्यांच्या माहितीसाठी केंद्र बांधले, त्या लेण्यांची ही पहिली शिकवण केंद्राच्या रचनेत उतरली नाही. केंद्र बंद असलेल्या त्या वर्षांत पहाटे फाट्यावर उतरलेल्या यात्रेकरूच्या थंडीला त्या भव्य इमारतीचा काही उपयोग नव्हता. आगंतुकवत्तातील पहिले कलम आसन आणि पाणी हे आहे. त्याला वीज लागत नाही.

आमच्या समाजाच्या दृष्टीने यात एक वेगळे दुखणेही आहे. प्रकल्पाच्या भाषेत येणारा माणूस पर्यटक असतो. आमच्या वस्तीतून आलेली म्हातारी पर्यटक नसते. ती आपल्या पूर्वजांचे घर पाहावयास आलेली असते. तिला उपाहारगृहापेक्षा सावलीत बसून सोबत आणलेली भाकर खाण्याची जागा हवी असते. चित्रातील बोधिसत्त्व कोण, जातककथा कोणती, हे तिच्या भाषेत समजावून सांगणारा माणूस हवा असतो. आपल्या श्रद्धास्थानांच्या परिसरात काय बांधले जावे, याविषयी समाज उदासीन नाही, हे १ जुलै २०२४ रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर दिसून आले. भूमिगत वाहनतळाच्या कामाविरुद्ध लोक एकवटले आणि शासनाला त्या कामास स्थगिती द्यावी लागली. परंतु विरोध करणे जितके आवश्यक, तितकेच काय बांधावे हे सांगणेही आवश्यक आहे. ते काम आपल्या अभ्यासकांनी अद्याप पुरेसे केलेले नाही.

किल्लारीचा इशारा

मग सर्व जुने ते चांगले आणि सिमेंट ते वाईट, असा निष्कर्ष कोणी काढील. लातूर जिल्ह्यातील माणूस असा निष्कर्ष काढू शकत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे मेली, ती दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदाच्या जड धाब्याखाली. त्या घरांत उन्हाळ्यात गारवा असे आणि हिवाळ्यात ऊब असे. ऋतूचा उपद्रव ती घरे उत्तम निवारीत. पण दगड एकमेकांत गुंतवून बांधलेले नव्हते, भिंतींना पट्ट्या नव्हत्या, आणि छपरावर वर्षानुवर्षे मातीचा थर वाढत गेला होता. पुनर्वसनात जी काँक्रीटची घरे मिळाली त्यांनी भूकंपाचे भय कमी केले, परंतु वैशाखात ती तापतात आणि पौषात गारठतात, हे त्या गावांतील कोणीही सांगेल.

याचा अर्थ, ऋतू आणि सुरक्षितता यांचा विचार एकत्रच झाला पाहिजे. एका भयाच्या उत्तरात दुसरे विसरले की घर अपुरे राहते. दगडाची भिंत ठेवावी, पण ती पट्ट्यांनी बांधलेली असावी. छप्पर हलके असावे, पण पत्र्याखाली उष्णता व थंडी अडविणारा थर असावा. विनयातही ही सावधगिरी आहे. जोते उंच करण्यास अनुज्ञा मिळाल्यावर ते ढासळू लागले, तेव्हा वीट, दगड किंवा लाकूड यांनी ते बांधून काढण्यास सांगितले गेले. चढताना त्रास होऊ लागला, तेव्हा पायऱ्या आल्या. पायऱ्यांवरून माणसे पडू लागली, तेव्हा आधाराचा कठडा आला. नियम अनुभवाच्या मागून चालतो. आमच्या तालुक्यात पत्र्याच्या छपराचे अनेक विहार उभे आहेत. त्यांत हिवाळ्याच्या रात्री उतरलेल्या पाहुण्याला काय अनुभव येतो, तो पाहून पुढचा विहार बांधला गेला पाहिजे.

काय व्हावे

फर्दापूरच्या केंद्राविषयी आम्ही पुढील गोष्टी सुचवू इच्छितो. वीज नसतानाही चालेल असा एक भाग तेथे असावा : पूर्वेकडे तोंड असलेली रुंद ओसरी, पाठीला वाऱ्याच्या अंगास दगडी भिंत, बसण्यास ओटे, पिण्याचे पाणी, स्वच्छ शौचालये, आणि हिवाळ्याच्या पहाटे गरम पाण्याची सोय. ही जागा विनाशुल्क असावी आणि मुख्य दालने बंद असली तरी उघडी राहावी. भिंतीवर दरीचा नकाशा, लेण्यांचा कालक्रम आणि दात्यांची नावे मराठीत असावीत. सातवाहन काळातील पहिला टप्पा आणि वाकाटक काळातील दुसरा टप्पा यांतील भेद सामान्य माणसालाही समजेल असा मांडावा. पूर्वी प्रत्येक लेण्याला नदीपासून चढणारा स्वतंत्र जिना होता. आजची सलग वाट मागाहून झाली. ही एक गोष्ट सांगितली तरी माणूस दरीकडे वेगळ्या नजरेने पाहू लागेल.

प्रतिकृतींविषयी आमचे मत याहून स्पष्ट आहे. ज्यांना चढ झेपत नाही त्यांच्यासाठी आवश्यक तेवढे फर्दापूरला ठेवून, पुढील प्रतिकृती तेथे उभारू नयेत. प्रतिकृतीची खरी गरज मूळ स्थळापासून दूर असते. जळकोटच्या शाळेतील मुलीला अजिंठा पाहण्यासाठी रात्रभराचा प्रवास आणि घरच्यांची काही दिवसांची मजुरी खर्ची पडते. बहुतेकींच्या वाट्याला ते येतच नाही. सतराव्या लेण्याची एक भिंत लातूरला किंवा नांदेडला उभी राहिली, तर ती प्रतिकृती कोणाशी स्पर्धा करणार नाही. जिथे मूळ पोहोचू शकत नाही तिथे ती पोहोचेल. खरोशाची लेणी, तेरचा विटांचा अर्धवर्तुळाकार चैत्य, जो आज त्रिविक्रमाचे मंदिर म्हणून उभा आहे, ही आपल्या प्रदेशातील स्थळे आहेत. त्यांच्यापाशी मोठी केंद्रे नकोत. बसावयास जागा, पाणी, सावली आणि बोलणारा माणूस एवढे पुरे आहे.

शेवटी एक विनंती आपल्याच मंडळींना. गावोगावच्या विहार समित्या आज नवी बांधकामे हाती घेत आहेत. वर्गणी कष्टाची असते, आणि ती कळसावर व रंगावर आधी खर्च होते. नकाशा काढण्यापूर्वी समितीच्या दोन-तीन सदस्यांनी माघातील एक रात्र त्या जागेवर काढावी. वारा कोणत्या अंगाने येतो, दव कोठे उतरते, पहिले ऊन कोठे पडते, हे लिहून ठेवावे. सोबत समितीतील सर्वांत वृद्ध माणसाला विचारावे की येथे रात्र काढावयाची झाली तर काय लागेल. त्याने सांगितलेली यादी आणि ती टिपणे घेऊन मग अभियंत्याकडे जावे.